शेंदराची रेघ

फुकटची उठाठेव करायची खोड मला लहानपणापासून आहे. कुणाच्या आडाला कठडा नाही, कुणाची भिंत रस्त्यावर कलली आहे, हे माझ्या डोळ्यांत सलतं आणि कुणी बोलावलेलं नसताना मी मध्ये पडतो. वहिनी म्हणायची, "भावजी, साऱ्या गावचं दुखणं तुमच्याच पोटात कावून दुखतंय?" मी हसण्यावारी न्यायचो. त्याच खोडीपायी एका वर्षी मी तळ्यावरच्या नावेच्या मागं लागलो, आणि त्यातून आमच्या घरात जे झालं ते आजही माझ्या घशाखाली उतरत नाही. पुष्कळ वर्षं झाली. आता सांगून टाकतो.

निजामाची राजवट होती. मी गावच्या मदरशात मास्तर होतो. सकाळी पोरांकडून उर्दू घोकून घ्यायचं आणि दुपारी, तालुक्याहून तपासायला कुणी येत नाही अशी खात्री झाली की हळूच मराठी बाराखडी काढायची, असा माझा कारभार. आईबाप मी लहान असतानाच गेले. शेत थोरल्या भावानं सांभाळलं आणि मला वहिनीनं वाढवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा तेरा वर्षांची होती आणि मी सहाचा. माझ्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून मास्तरकीचा पहिला फेटा बांधून देण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिला मूल नव्हतं. बारा वर्षं वाट पाहून तिनं तळ्यातल्या देवीला नवस बोलला आणि मुलगी झाली. नवस असा, की लेक पाच वर्षांची होईस्तोवर दर जत्रेला तिला घेऊन देवीची ओटी भरायची.

आमचं गाव बालाघाटाच्या उतारावर, लिंबागणेशहून निघालं तर अर्ध्या दिवसाच्या चालीवर. गावाच्या वरच्या अंगाला दगडी बांध आणि त्यानं अडवलेलं मोठं तळं. तळ्याच्या मधोमध टेकाड आणि टेकाडावर देवीचं ठाणं. उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखल तुडवत तिथवर चालत जाता यायचं, पण जत्रा नवरात्रातल्या अष्टमीला, आणि तेव्हा तळं भरलेलं असायचं. बांध वाढवला तेव्हा पाण्याखाली गेलेल्या बाभळी आत तशाच उभ्या होत्या. नाव त्यांच्यावरून जायची तेव्हा खालून फळ्या खरवडल्याचा आवाज यायचा आणि गप्पा मारणाऱ्या बायका एकदम गप्प व्हायच्या. नाव एकच होती, बुटक्या काठांची आणि रुंद बुडाची. ती चालवणारा नावाडी म्हातारा होता आणि सगळं गाव त्याला मामा म्हणायचं.

मी सांगतोय त्याच्या आदल्या वर्षी ती नाव उलटली. परतीची खेप होती आणि काठ वीस हातांवर आला होता. काठावर आपली माणसं दिसली म्हणून एक बाई हात वर करून उभी राहिली, तिच्यामागं चारजणी उठल्या, आणि नाव एका अंगावर गेली. वहिनी त्याच्या आधीच्या खेपेला लेक घेऊन परतली होती. ती काठावर माझ्याशेजारी उभी होती. मी उडी टाकली. तिघींना ओढून बाहेर काढलं, त्यातली एक जगली. दुसरीच्या मुठीत ओटीचा नारळ तसाच होता. तिला खाली ठेवल्यावर तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. एकंदर सातजणी गेल्या.

त्यानंतर वहिनीनं पाण्याचा धसका घेतला. आडावर पाणी शेंदायला गेली तरी तिचा एक हात कठडा घट्ट धरून असायचा. मी तिला म्हटलं, "वैनी, यंदा जाऊ नकोस. देवीला इथूनच हात जोड."

"बोललेय तिला," ती म्हणाली. "लेकरू तिनं दिलंय. दाखवायला न्यावंच लागतंय, भावजी. मला लई भ्या वाटतंय, पण न्हाई गेले तर त्याच्यापेक्षा जास्त वाटल."

भावानंही तिला अडवलं नाही. म्हणजे ती जाणार, कडेवर दोन वर्षांची पोर घेऊन त्या नावेत बसणार, हे ठरलं होतं. नाव बुडता कामा नये, एवढंच माझ्या हातात उरलं.

आदल्या वर्षी पोलिसांच्या अमीनानं मामाला आठ दिवस कोठडीत ठेवलं होतं आणि नाव काठावर पालथी घालायला लावली होती. पण नाव बंद ठेवून जत्रा बंद होणार नव्हती. लोक गूळ कढवायच्या काहिलीत बसून गेले असते. पूर्वी गेलेही होते. म्हणून श्रावणात मी अमीनाकडे गेलो. त्या काळात चार माणसं जमवून बोलायचं म्हटलं तरी परवानगी लागायची. मी उर्दूत अर्ज लिहिला होता की नाव नीट चालावी म्हणून गावोगाव फिरून लोकांना समजावून सांगायचं आहे, त्यात सरकारविरुद्ध काही नाही. अमीनानं अर्ज वाचला आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "क्या मास्तर, पानी कू बी सबक पढाते क्या?" पण सही केली.

माझ्या जोडीला एकच माणूस आला, गावातला वाणी. माझ्याच वयाचा, गळ्यात लिंग, धान्याची अडत, तोंडानं गोड आणि मनानंही गोड. बुडालेल्या सातजणींत त्याची मावशी होती. मी त्याला विचारलं नव्हतं, तोच आपण होऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी बोला, मी तुमच्यासंगं हिंडतो. दुकान गडी बघत्याल."

पहिलं काम, नावेत किती माणसं बसवायची ते ठरवणं. मामा म्हणाला, "ते डोळ्याला कळतंय." मी फटकन बोलून गेलो, "डोळ्याला कळत होतं तर गेल्या साली काय झालं?" म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही. वाण्यानं दुकानातली ज्वारीची पोती बैलगाडीतून आणली. एक पोतं म्हणजे दोन माणसं, असं धरून आम्ही ती नावेत रचली आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहून नाव हलवून पाहिली. सोळा पोत्यांना काठावरून पाणी आत आलं. बारा पोत्यांना जोरात हलवलं की आलं. दहा पोत्यांना कितीही हलवलं तरी आलं नाही. म्हणजे वीस माणसं. दहा पोती आत असताना पाणी जिथवर चढलं तिथं बाहेरून रेघ मारायची, आणि माणसं चढताना पाणी रेघेला टेकलं की बस्स, पुढं एकही नाही. इतकं साधं होतं ते. मोजदाद नको, अक्षरओळख नको, आंधळ्याशिवाय कुणालाही दिसावं.

रेघ कशानं मारायची हा प्रश्न आला. फळ्या डांबरानं काळ्या झालेल्या. चुना दोन दिवसांत धुऊन गेला. वाणी म्हणाला, दुकानात शेंदूर आहे, जवसाच्या तेलात कालवू. कालवला आणि दोन्ही अंगांना बोटभर रुंद रेघ ओढली. तीन दिवसांत ती दगडासारखी बसली. काळ्या फळ्यांवर लालभडक, पार बांधावरून दिसायची. मी स्वतःवर इतका खूश होतो की घरी जाऊन वहिनीला हाताला धरून ओढत बांधावर आणलं. तिनं रेघ पाहिली, पोरीला दाखवली, आणि दोघींनी हात जोडले. मी हसलो. तिथंच मला समजायला हवं होतं.

मग दोन महिने आम्ही वाड्या पालथ्या घातल्या. हातावर पांढरी चिंधी बांधून, वाणी पुढं टाळी वाजवणार आणि मी मागून तोंड उघडणार. नावेत उभं राहू नका. सगळे एका अंगाला बसू नका. पाण्यात हात घालू नका. नावेच्या दोन्ही बाजूंना सुके भोपळे बांधले आहेत, पाण्यात पडलात तर भोपळा धरा, शेजारणीचा गळा धरू नका. लोक ऐकायचे, म्हणजे पोरं पाठ म्हणत असताना बाप ऐकतात तसे, कौतुकानं आणि दुसरीकडे बघत. चौसाळ्याच्या बाजारात एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, देवीनं बुडवायचंच म्हणलं, तर तुमचा भोपळा काय करल?" सगळा बाजार हसला. मला राग आला. मला हसलेलं चालत नाही, अजूनही चालत नाही.

परतताना वाणी म्हणाला, "मास्तराचं कोण ऐकतंय? देवीचं ऐकत्याल."

पुढच्या गावात मी पाराच्या कट्ट्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "नावंवर शेंदराची रेघ वढलीय, ती माझी न्हाई. ती देवीची हाय. देवीनं घालून दिलेलं माप हाय ते. पाणी रेघंला लागलं की देवी म्हणती, बस्स." एकदम चिडीचूप झालं. बायकांनी पदर डोक्यावर घेतले, दोघातिघांनी जागच्या जागी नमस्कार केला. पुन्हा कुणी हसलं नाही. त्यानंतर प्रत्येक गावात मी तेच बोललो, दर वेळी थोडं मीठमसाला लावून. ती वाक्यं माझी होती. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात घातली नव्हती, वाण्यानंही नाही.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला. घटस्थापनेला तळं इतकं भरलं होतं की एरवी बाहेर दिसणारे बाभळींचे शेंडेही बुडाले होते. दुपार कलली की वारा उठायचा आणि बांधाच्या दगडांवर पाणी आपटायचं. तिसऱ्या माळेला मी नाव पाहायला गेलो तर रेघेवर हळदकुंकू वाहिलेलं होतं. पाचव्या दिवशी झेंडूची माळ. सहाव्या दिवशी रेघेखाली पिठाचा दिवा लावून कुणी गेलं होतं, त्याची काजळी फळीवर चढली होती.

मामा नावेत बसून विडी ओढत होता. म्हणाला, "मास्तर, हे मला बरं वाटंना. नाव हाय, नाव ऱ्हाऊ द्या तिला."

"असू द्या हो मामा," मी म्हणालो. "पूजा करत्यात म्हंजी मोडणार न्हाईत."

म्हाताऱ्यानं विडी पाण्यात टाकली आणि ती भिजून बुडेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

अष्टमीला पहाटेपासून काठावर गर्दी. आदला अपघात परतीच्या खेपेला झाला होता, म्हणून मी टेकाडावर थांबून परतणाऱ्यांना बसवणार आणि वाणी इकडच्या काठावर चढणाऱ्यांना, असं आमचं ठरलेलं. पहिल्या खेपेला मी, पुजारी आणि पूजेचं सामान घेतलेले सहाजण एवढेच होतो. नाव हलकी होती, रेघ पाण्याच्या चांगली वीतभर वर. निघताना काठावरच्या बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी चुकचुकलं. मला वाटलं, आधी पुरुष गेले म्हणून रागावल्या असतील.

टेकाडावर उतरून मी वळून पाहिलं. मामा रिकामी नाव घेऊन परत गेला, आणि माणसं चढायला लागली. वहिनी मला लांबूनही ओळखू आली, तिच्या हिरव्या लुगड्यावरून आणि कडेवरच्या पोरीच्या लाल झबल्यावरून. ती मधल्या फळीवर बसली. मी मनात मोजत होतो. दहा, पंधरा, वीस. आता सुटायला हवी होती. सुटली नाही. आणखी दोघी चढल्या. मग चौघी. वाणी गुडघाभर पाण्यात उभा राहून वाकून रेघेकडे बघत होता आणि हातानं बोलावत होता, या, या. मी फेटा सोडून हवेत फिरवला. त्यानंही हात वर करून मला हलवून दाखवला. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. वारा माझ्याकडून त्याच्याकडे नव्हता, त्याच्याकडून माझ्याकडे होता. मला त्यांचा गलका ऐकू येत होता आणि माझं त्यांना काहीच नाही. तीस झाली तशी मी मोजायचं सोडलं.

मग "उदो उदो"चा गजर झाला आणि नाव निघाली.

पाण्याच्या वर नावेचे काठ चार बोटं उरले होते. रेघ कुठंच दिसत नव्हती. वारा मागून होता म्हणून लाटा बरोबरच चालत होत्या, आत येत नव्हत्या. बाभळींच्या वर आली तेव्हा खालून खरवड झाली आणि सगळी नाव एकदा थरथरली. मी वहिनीकडे बघत होतो. दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही, हे मी लपवत नाही. त्या नावेत तीसएक माणसं होती आणि मी फक्त एक हिरवं लुगडं आणि एक लाल झबलं बघत होतो. आपण पोहत किती वेळात तिथं पोचू, पोरीला आधी धरायचं की वहिनीला, हे ठरवत मी पाण्यात छातीपर्यंत गेलो होतो.

नाव टेकली. आत घोट्याइतकं पाणी होतं आणि मामाचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण बायका हसत होत्या. वहिनी उतरली. वर्षभरात मी तिचं असं तोंड पाहिलं नव्हतं, भीतीचा मागमूसही नाही.

"भावजी, माप भरलं," ती म्हणाली. "शिगोशीग भरलं."

"कसलं माप?"

"रेघंचं. पयल्या खेपंला रेघ कोरडीच गेली, सगळ्या बाया हळहळल्या. देवीचं माप आन् अपुरं सोडायचं? मग ह्या खेपंला वाणीदादा म्हणले, नुसतं टेकून कसं चालल, शीग पायजे. रेघ पार बुडवली तवा नाव सोडली."

मी खाली बसलो. आमच्याकडे ज्वारी मोजताना पायली काठोकाठ भरली की हात थांबत नाही. वर शीग चढवतात, आणि देवाधर्माचं माप असेल तर शीग ओघळायला लागेपर्यंत चढवतात. सपाट माप देवापुढं ठेवणं म्हणजे चिक्कूपणा. माझा वाणी जन्मभर मापंच भरत आला होता. पोती रचताना तो होता, पण माझंच बोलणं ऐकून ऐकून त्यालाही ती रेघ देवीचीच वाटू लागली होती. आणि मी दोन महिने गावोगाव ओरडून सांगितलं होतं की ही रेघ देवीचं माप आहे. मी म्हटलं होतं थांबायची खूण. त्यांनी ऐकली भरायची खूण. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मामा नावेतलं पाणी उपसून फटी बुजवत राहिला, म्हणून पुढची खेप झाली नाही; ओट्या भरून, आरती होऊन, प्रसाद घेऊन होईपर्यंत दुपार कलली आणि वारा उठला. आता परतताना तो तोंडावर येणार होता. मी मामाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "जाताना मागनं व्हता म्हून आलो. आता लाट काठावरनं आत येनार. पर मी न्हाई म्हणलं तर मला हितंच ठेचत्याल." तोवर बायका नावेत चढायला लागल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या, कारण आलेलं माप परत जाताना कमी कसं करायचं. मी वाट अडवून उभा राहिलो. वीसच बसा म्हणालो, मग दहाच म्हणालो. हात जोडले. कुणी ऐकेना. रेघ पुन्हा पाण्याला टेकली आणि गजर सुरू झाला.

नारळ फोडायचा कोयता पुजाऱ्याच्या पाटावर पडला होता. तो मी उचलला, पाण्यात उतरलो आणि रेघ खरवडायला लागलो.

शेंदूर निघता निघत नव्हता. मी फळीच तासत होतो, लाल ढलप्या पाण्यावर पडत होत्या. गजर बंद पडला. एक बाई किंचाळत नावेबाहेर पडली, तिच्यामागं सगळ्या धडाधड उतरल्या. कुणीतरी माझी मान धरली. "कोण लागून गेलास रं तू? देवीवर कोयता चालवतो?" पाठीत काठी बसली, मग कानावर बुक्की. आमच्याच गावातली माणसं होती ती, ज्यांच्या पोरांना मी शिकवत होतो. मामा मध्ये पडला म्हणून मी वाचलो.

आता नावेत कुणी बसेना. देवीची खूण तासलेल्या नावेत पाय ठेवणार कोण? आणि वारा वाढत होता. आता हलक्या खेपा केल्या तर सगळे सुखरूप गेले असते. आणखी तासाभरानं हलकी नावही गेली नसती. टेकाडावर ना पाणी प्यायची सोय, ना निवारा, आणि मला मारून दमलेली माणसं माझ्याभोवती उभी.

तेव्हा वहिनी पुढं आली. तिचं तोंड पुन्हा आधीसारखं झालं होतं, पांढरं. तिनं पोरीला पदरात बांधून घेतलं, नावेच्या काठाला धरलं आणि आत जाऊन बसली. बसल्यावर म्हणाली, "माझ्या हाताखाली वाढलंय ते पोर. त्यानं केलंय तर मी बसते. कुणाला यायचं ते या."

नऊजण आले. मामानं नाव सोडली. लाटा काठापर्यंत चढत होत्या, पण आत येत नव्हत्या. त्यानं चार खेपा केल्या, शेवटच्या खेपेत मी आणि पुजारी होतो आणि आम्ही दोघंही हातांनी पाणी उपसत होतो. दिवस मावळायच्या आत सगळे काठावर होते. इकडच्या काठावर थांबलेल्या लोकांना त्या वर्षी दर्शन मिळालंच नाही.

कुणी मेलं नाही. माझ्याविरुद्धची सगळ्यात मोठी साक्ष तीच ठरली. भरलेली नाव सुखरूप आली होती की नाही, असं मला लोक विचारायचे, आणि आली होती हे खरंच होतं. माझ्यापाशी दाखवायला काय होतं? न बुडालेली माणसं. मदरशात पोरं येईनाशी झाली. वाण्यानं दुकानातून मला सामान दिलं, पण बोलणं बंद केलं. मी देवळात जाऊन नाक घासलं, दंड म्हणून जेवणावळ घातली. ते सगळं मी कोरड्या मनानं केलं. मनातून मला वाटत होतं, वहिनी आणि पोर घरी आहेत ना, मग काय म्हणायचं ते म्हणा.

माघात पोरीला ताप भरला. वैदूचं झालं, तालुक्याचा हकीम आणला, त्यानं पुड्या दिल्या. पाच दिवस ती वहिनीच्या मांडीवर होती. सहाव्या दिवशी सकाळी गेली.

भेटायला आलेल्या बायका आधी रडायच्या आणि मग बोलायच्या. तासलेल्या नावेत पहिली कोण बसली होती, हे त्यांनी आमच्या ओसरीवर बसून वहिनीला ऐकू जाईल असं सांगितलं. भाऊ माझ्या पंगतीला बसेना. वहिनी मात्र मला काही म्हणाली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, निघून जायची. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडलो असतो.

शिमग्याच्या सुमारास मी मामाकडे गेलो. दोघंच होतो. मी म्हणालो, "मामा, खरं सांगा. त्या दिवशी त्या सगळ्यांना घेऊन परतला असता, तर काय झालं असतं?" म्हाताऱ्यानं विडी पेटवली. मग म्हणाला, "मला तवा वाटलं व्हतं, बुडती. आता कुणास ठावं, मास्तर. आली बी असती. पान्याचं कोण सांगावं?"

पुढं चैत्रात एका दुपारी वहिनी अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. मी समोरून जात होतो. तिनं सूप थांबवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, एक इचारते. खरं सांगा. त्या दिवशी आमी सगळ्याजणी तसंच बसून आलो असतो, तर बुडालो असतो का?"

माझ्या कानात मामाचा आवाज होता. ती आता माझ्याकडे बघत होती.

"बुडाला असता, वैनी," मी म्हणालो. "सगळ्याच्या सगळ्या."

तिनं मान हलवली. "मग ठीक हाय," म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. त्यानंतर ती तीस वर्षं जगली, तिला दुसरं मूल झालं नाही, आणि तिनं मला ते पुन्हा कधी विचारलं नाही. मी तिच्याशी खरं बोललो की खोटं, हे मला अजून कळलेलं नाही.